अनुभव धागा : आपली आकाशवाणी आता कशावर ऐकता?

रत्नागिरी आकाशवाणी आता न्यूजऑनएअर ॲपवर लागते. गावचं केंद्र परळच्या खोलीत, अगदी मस्कतमध्येसुद्धा ऐकता येतं, याचं मला फार अप्रूप आहे. पण म्हणून घरातला ट्रान्झिस्टर माळ्यावर टाकावा का? आपापले अनुभव लिहा.

राजापूर, सध्या डोंबिवली :
सकाळी डबा भरताना फोनवर रत्नागिरी लावतो. भातावरच्या किडीची माहिती इथे काय कामाची, तरी शेवटपर्यंत ऐकतो. आईचा फोन आला की मागे तिचा रेडिओ ऐकू येतो. तिच्याकडे निवेदन सुरू झालेलं असतं, माझ्याकडे गाण्याचं शेवटचं कडवं चालू! ॲपवरचा आवाज सर्व्हरमार्गे तुकड्यातुकड्यांनी येतो, फोन थोडा साठा करून मगच वाजवतो. घड्याळ लावायचं तर आईच्याच रेडिओवर.

संगमेश्वरजवळची वाडी :
एफएमच्या लहरी सरळ जातात, आमच्यापुढे डोंगर. वायफाय आल्यापासून आवाज स्वच्छ. ६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४ किलोबिट) तासाला साधारण २९ एमबी डेटा जातो, परवडतं.

दापोली :
३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, मोबाईल बंद. मुंबईत भाऊ काळजीने वेडापिसा झालेला आणि त्याला साधं ‘आम्ही बरे आहोत’ कळवायची सोय नाही. त्या दिवसांत बाहेरचं जग कळत होतं ते फक्त सेलवरच्या रेडिओतून. संध्याकाळी बातम्यांना शेजारपाजारचे सगळे आमच्या ओटीवर यायचे. ॲप माझ्याही फोनमध्ये आहे, रोज ऐकते. पण त्याला टॉवर उभा लागतो, टॉवरला वीज लागते.

मालवण :
आमचो बापूस होडयेर अजून रेडिओच नेता. किनारो लांब पडलो की मोबाईलची रेंज जाता. वादळाचो इशारो मग ऐकतलो कशावर?

धागाकर्ती :
मालवणचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खाऱ्या पाण्यावरून मीडियम वेव्ह (एफएमहून वेगळा, रेडिओवरचा एमडब्ल्यू पट्टा) जमिनीपेक्षा बरीच लांब पोचते. इंटरनेटवरचं प्रसारण जरूर वाढवावं, पण त्यापायी किनाऱ्यावरचे मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद होता कामा नयेत. हर्णै, जयगड, देवगडच्या बोटींवर कोणतं केंद्र कितपत लागतं, ते दर्यावर जाणाऱ्यांनी कृपया लिहा.