विषय: सप्टेंबरच्या शेवटी इटली, खिसा हलका

नमस्कार मंडळी,

परीक्षा आटोपल्या की मी आणि रूममेट म्युनिकहून इटलीला निघतोय. पाठीवर सॅक, होस्टेलमध्ये झोप, आठ-दहा दिवस. यादी अशी: मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स, सिएना, रोम, नेपल्स. दोघींचे पासपोर्ट भारतीय. मी आर्किटेक्चरला, ती बायोटेकला. मी शाकाहारी, ती अंडं खाते. रेल्वेचा युरेल पास काढावा का? आणि स्टुडंट सवलत मिळते ना सगळीकडे?

ऋता

---

ऋता,

आधी मिलान, पिसा आणि सिएना खोड. व्हेनिसचं बघू. सात गावं म्हणजे रोज सॅक भरा, लगेज ठेवायचे पैसे द्या, होस्टेलच्या बिलावर तिथला टुरिस्ट टॅक्स भरा आणि अर्धा दिवस स्टेशनात काढा. पैसा खाण्यावर कमी आणि या धावपळीतच जास्त उडतो.

पासच्या भानगडीत पडू नकोस. तुम्ही जर्मनीत राहता, म्हणजे तुम्हाला युरेल नाहीच, इंटररेल. तो काढला तरी फ्रेच्चारोसासारख्या वेगवान गाड्यांना रिझर्व्हेशनचे पैसे वेगळे मोजावे लागतात. लांबच्या दोन टप्प्यांची, बोलोन्या-रोम आणि रोम-नेपल्स, तिकिटं आत्ताच काढ; नंतर भाव चढतात. बाकी सगळं ‘रेजोनाले’, म्हणजे साध्या लोकल गाड्यांनी. त्यांचं भाडं अंतरावर ठरतं, आज काढा नाहीतर ऐन वेळी. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनातल्या मशीनमध्ये त्यावर वेळेचा शिक्का मारून घे, नाहीतर टीसी ऐकून घेत नाही. संप असला तर घाबरू नकोस. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 रेजोनाले गाड्या सोडाव्याच लागतात.

मुक्काम बोलोन्यात ठोक. म्युनिकहून थेट गाडी आहे, आणि तिथून राव्हेन्ना, फेर्रारा, मोदेना सकाळी जाऊन रात्री परत. फ्लॉरेन्सही होतं, प्रातोला गाडी बदलून. शिवाय तू आर्किटेक्चरवाली. बोलोन्याचे पोर्तिको, म्हणजे फुटपाथवरच्या कमानींच्या ओसऱ्या, 2021 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. सान लूकाच्या टेकडीपर्यंत 666 कमानी सलग चढत जातात. पावसात छत्री न घेता देवळापर्यंत पोचता येतं, आणि एक छदाम लागत नाही.

सवलतीचं मात्र नीट ऐक. सरकारी म्युझियममध्ये 18 ते 25 वयाच्यांना 2 युरोचं तिकीट आहे, पण ते युरोपियन युनियनच्या नागरिकांना. जर्मन विद्यापीठाचं कार्ड दाखवून भारतीय पासपोर्टला ते मिळत नाही. पण युनियनमधल्या विद्यापीठात आर्किटेक्चर शिकणाऱ्यांना प्रवेश फुकट असतो. नावनोंदणीचं चालू पत्र छापून ने. रूममेटला पूर्ण तिकीट पडेल, म्हणून ऑक्टोबरचा पहिला रविवार साधा. त्या दिवशी सरकारी म्युझियम सगळ्यांना फुकट. रांग मात्र मारुतीच्या शेपटासारखी असते.

रोममध्ये कराव्हाज्जो या चित्रकारासाठी म्युझियमचीही गरज नाही. सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये संत मॅथ्यूची तीन चित्रं आहेत. कोपरा अंधारा, डब्यात नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. कुणीतरी टाकेलच म्हणून सगळे खिशात हात घालून उभे असतात! खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि दुपारी चर्च बंद असतं. पाणी विकत घेऊ नका. रस्त्यावरच्या लोखंडी नळांना ‘नाझोनी’ म्हणतात, पाणी पिण्याचं आणि गार असतं. तोटीला बोट लावलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं.

काका

---

काका, व्हेनिस खोडायचं? पोरी पहिल्यांदा चालल्या आहेत हो!

ऋता, पाण्याअलीकडच्या मेस्त्रेला राहा, बेटावरच्या व्हेनिसमध्ये नको. लोकल गाडीने दहा मिनिटांत सांता लुचिया, म्हणजे व्हेनिसचं स्टेशन. वापोरेत्तोचं, म्हणजे तिथल्या बोट-बसचं, एक तिकीट साडेनऊ युरो, त्यापेक्षा पायी हिंड. ग्रँड कॅनाल ओलांडायला ‘त्रागेत्तो’ नावाची होडी असते, 2 युरोत पलीकडे. गोंडोल्यात बसल्याची हौस तिथेच भागते. 2024 पासून दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी आहे, पण ठरावीक तारखांनाच. साइटवर तारीख बघून घे.

खाण्याचं: बोलोन्यात तोर्तेल्लीनी मागवलीस तर पोटात मांस असतं, मोठ्या तोर्तेल्लोनीत बहुधा रिकोटा चीज. राव्हेन्नाकडची पियादिना, म्हणजे तिथली पोळी, डुकराच्या चरबीत मळतात. ‘सेन्झा स्त्रुत्तो’, म्हणजे चरबीशिवाय, असं विचार. नेपल्समध्ये मारिनारा पिझ्झा डोळे मिटून खा, त्यावर चीजही नसतं आणि सगळ्यात स्वस्त तोच. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायची. बसलात की बिल वाढलं.

सुनीताताई

---

नेपल्सचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी जालन्याकडचा, तेव्हा राहवत नाही.

तिथल्या पुरातत्त्व म्युझियममध्ये एक हस्तिदंती बाई उभी आहे. जेमतेम वीतभर उंची. गळ्यात भरगच्च हार, हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायात तोडे, दोन बाजूंना दोन छोट्या सेविका, आणि डोक्यावर काहीतरी बसवायचं भोक. 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडली. म्हणजे इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली जाण्याआधी ती भारतातून तिथे पोचली होती. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण यक्षी असावी असं बरेच जण मानतात. आमच्या जालन्याजवळच्या भोकरदनच्या उत्खननात तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला, धाराशिवकडच्या तेरलाही तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आहे. त्यामुळे ती आपल्याच भागातून गेली असावी असं काही अभ्यासक म्हणतात.

ती ठेवली आहे ‘गुप्त दालनात’. तिथल्या बाकीच्या वस्तू पॉम्पेईच्या रंगेल बाजूच्या आहेत, तेव्हा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकताना जपून. म्युझियम मंगळवारी बंद.

वसंतराव

---

सगळ्यांना थँक्यू! मिलान, पिसा, सिएना खोडलं. व्हेनिससाठी मेस्त्रेत एक रात्र, मग बोलोन्या, रोम, आणि नेपल्स मंगळवार चुकवून. रूममेट म्हणते, दिव्याचं नाणं ती टाकणार, पण आधी दुसऱ्या कुणाचं संपू दे.

एक विनंती: गणपतीच्या सामानात मंडळाची ती निळी मोठी सॅक होती. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कळवा, शनिवारी न्यायला येते.

ऋता