भिवंडीजवळच्या गावात फ्लॅट : परवानगी नेमकी कुणाची?

प्रश्न : गाव मुंबई महानगर प्रदेशात आहे. बिल्डर ग्रामपंचायतीचा दाखला दाखवतो. चालेल का?

उत्तर १ : नाही. पालिकेबाहेरच्या अधिसूचित गावांत नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). घरपट्टी ग्रामपंचायत घेते, म्हणून गोंधळ. सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखली आहे ते सांगणारा) काढा. मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मागा. शिक्क्यावर प्राधिकरणाचं नाव वाचा.

उत्तर २ : महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी नंबरही बघा, पण ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा ८ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. नेमकी तिथेच फसगत होते! दस्त नोंदला म्हणजे इमारत अधिकृत, असं मुळीच नाही.

प्रश्नकर्ता : शिक्का ग्रामपंचायतीचाच आहे. टोकन थांबवतो.