निक ड्रेकची गाणी तुमच्यापर्यंत कशी पोचली?

इंग्लंडचा निक ड्रेक, जन्म १९४८, रंगून. तीन अल्बम काढले, जिवंत असेपर्यंत फारसे विकले गेले नाहीत. नोव्हेंबर १९७४ मध्ये गेला तेव्हा २६ वर्षांचा होता. मोठेपणी गातानाचं त्याचं एकही चित्रीकरण सापडलेलं नाही, म्हणून त्याची ओळख प्रत्येकाला नुसत्या आवाजातून होते. माझी झाली बाबांच्या आजारपणात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर. इअरफोन एकाच कानात, दुसरा कान सिस्टरांच्या हाकेसाठी मोकळा. त्याचा शेवटचा अल्बम 'पिंक मून' अठ्ठावीस मिनिटांत संपतो. त्या रात्री किती वेळा ऐकला, मोजलं नाही.

तुमचंही लिहा.

पुण्याहून
मी गिटार शिकवतो. 'पिंक मून' हे गाणं वाजवायला सहावी तार ई वरून थेट सी पर्यंत उतरवावी लागते. पाचवी जी, चौथी सी, तिसरी एफ, आणि दुसरी मात्र अर्धा स्वर वर. सहावी इतकी सैल होते की जरा जोरात छेडली तर पट्ट्यांवर खरखरते, हात आपोआप हलका पडतो. कार्यक्रमात तो दोन गाण्यांमध्ये न बोलता असाच तारा जुळवत बसायचा आणि लोक गप्पा मारू लागायचे. ते वाचल्यापासून विद्यार्थी तारा जुळवत असताना मी वर्गात कुणाला बोलू देत नाही.

नाशिकहून
मला 'ब्रायटर लेटर' हा अल्बम जास्त आवडतो. पाठीमागे व्हायोलिनं असली की तो एकटा वाटत नाही.

डोंबिवलीहून
मला आधी त्याची आई सापडली, मॉली. निकचे वडील बॉम्बे बर्मा कंपनीत इंजिनिअर. युद्धामुळे बर्मा सोडावा लागला तेव्हा ती बहिणीबरोबर दिल्ली रेडिओवर गायची. पुढे इंग्लंडमध्ये पियानोवर स्वतःची गाणी रचली, नवऱ्याने ती घरीच टेप केली. लोकांसमोर आली ती तिच्या मृत्यूनंतर. माझ्या आईच्या कवितांची वही कपाटात, साड्यांखाली असायची. मॉली ऐकल्यावर ती मी बाहेर काढली, आईला विचारून.

बर्मिंगहॅमहून
निक वाढला ते टॅनवर्थ-इन-आर्डन गाव आमच्यापासून जवळच. चर्चच्या आवारात, ओकच्या झाडाखाली त्याचा लहानसा दगड आहे, मागच्या बाजूला त्याच्याच शेवटच्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्यातली ओळ कोरलेली. मी गेले तेव्हा पाऊस होता. दगडाशी कुणीतरी गिटारचं पिक ठेवलं होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक ओकफळ.