हाइनर श्टूलफाउट खरंच सगळ्यात भारी होता की न्यूरेंबर्गवाल्यांनी फुगवलेलं नाव?

डीच्या_बाहेर

2014 च्या वर्ल्ड कपला अल्जीरियाविरुद्ध जर्मनीचा कीपर नॉयर डी (गोलसमोरची पेनल्टीची चौकट) सोडून पळत येऊन बॉल उडवत होता तेव्हापासून ऐकतोय की कीपरने असं खेळायचं हे त्याने शोधून काढलं. अरे काय शोधून काढलं? न्यूरेंबर्गचा हाइनर श्टूलफाउट हेच 1920 च्या दशकात करत होता, डोक्यावर टोपी, अंगात राखाडी स्वेटर, आणि फॉरवर्ड बॉलपर्यंत पोचायच्या आधी हा बाहेर येऊन पायाने बॉल लांब मारून मोकळा. चांगल्या कीपरला झेप घ्यावीच लागत नाही असं वाक्य त्याच्या नावावर सांगतात. म्हणजे जागा बरोबर धरली असेल तर बॉल आपणहून अंगावर येतो.

न्यूरेंबर्ग क्लबने पाच वेळा जर्मन चॅम्पियनशिप जिंकली, 1920, 21, 24, 25 आणि 27, आणि त्या पाचही फायनलमध्ये याच्यावर एकही गोल झाला नाही. पाच फायनल, शून्य गोल! माझ्या मते दोन युद्धांमधला जर्मनीचा सर्वोत्तम कीपर हाच, बाकीचे त्याच्या मागे रांगेत. या भांडायला.

हाफटाईम_चहा

असहमत. तुम्ही "जिंकलेल्या" फायनल मोजल्यात, हुशार आहात. 1922 कुठे गेलं? हाम्बुर्गविरुद्ध बर्लिनला 2-2, तीन तासांच्या वर खेळून अंधार पडला म्हणून मॅच थांबवली, मग लाइपझिगला परत खेळवली तर 1-1, आणि न्यूरेंबर्गचे मैदानावर सातच जण उरले म्हणून रेफरीने तीही बंद केली. म्हणजे फायनलमध्ये तीन गोल खाल्लेत साहेबांनी.

शिवाय तो संघ बघा ना. 1918 ते 1922 मध्ये ओळीने 104 मॅच हरले नव्हते ते लोक. पुढे हान्स काल्बसारखा सेंटर हाफ उभा असल्यावर मागे कीपरने टोपी घालून उभं राहायचं नाही तर काय करायचं. चॅम्पियनशिपही तेव्हा लीग नव्हती, विभागातले विजेते येऊन नॉकआउट खेळायचे, तीन-चार मॅचमध्ये देशाचा विजेता ठरायचा.

डीच्या_बाहेर

1922 चे दोन्ही सामने निकाल न लागता संपले, त्यात हरला कुठे तो? हाम्बुर्गला नंतर चॅम्पियन ठरवलं तर त्यांनीच ती पदवी सोडून दिली.

आणि चांगला संघ होता म्हणून कीपर भारी वाटतो हे लॉजिक उलटंही चालतं की. बॅक लोक बिनधास्त पुढे जाऊन खेळायचे कारण मागची मोकळी जागा सांभाळायला हा होता.

तीन_माणसांचा_ऑफसाइड

इथे एक गोष्ट कोणी बोलतच नाहीये. 1925 पर्यंत ऑफसाइडचा नियम वेगळा होता, फॉरवर्ड आणि गोललाइनच्या मध्ये विरोधी संघाचे निदान तीन जण लागायचे (कीपर धरून), नंतर ते दोनवर आलं. तीनच्या नियमात एक बॅक थोडा पुढे सरकला की फॉरवर्ड अडकला, त्यामुळे मागे थ्रू बॉल (बॅकच्या मधून मोकळ्या जागेत टाकलेला पास) पडणं तसं कमीच. मग कीपरने डीच्या बाहेर येण्यात आजच्याइतकी रिस्क होती का? नॉयरशी तुलना करताना हे लक्षात घ्या एवढंच म्हणणं आहे, माणूस वाईट होता असं नाही.

डीच्या_बाहेर

मुद्दा चांगला आहे पण अर्धाच. 1927 ची फायनल नवीन नियमातली, हेर्था बर्लिनविरुद्ध 2-0. 1929 ला तुरिनमध्ये इटलीला त्यांच्याच घरात 2-1 ने हरवलं तोही नवीन नियम, आणि त्या दिवशीचा हीरो कोण होता ते बघा. तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता. नियम बदलल्यावर उघडा पडला असता तर तिथेच पडला असता ना.

पायाने खेळण्याचं दुसरं कारणही आहे. तेव्हा फॉरवर्ड कीपरला खांदा मारून बॉलसकट ढकलायचे आणि ते नियमात बसायचं. बॉल चामड्याचा, पावसात भिजला की धोंडा. तो छातीशी घट्ट धरून धक्के खात उभं राहण्यापेक्षा आधीच बाहेर येऊन लाथ घातलेली बरी. 1912 पासून डीच्या बाहेर हात लावायची सोय नव्हती, त्यामुळे बाहेर यायचं तर पाय पक्के हवेतच.

रेगेन्सबुर्गचा_जावई

तुमचं चालू द्या, पण हान्स याकोबचं नाव कोणी घेणार का नाही? रेगेन्सबुर्गसारख्या छोट्या गावच्या यान क्लबमधून येऊन 1930 ते 1939 मध्ये देशासाठी 38 सामने. श्टूलफाउटचे 21. हा आकडा साठच्या दशकात टिल्कोव्स्कीने 39 करेपर्यंत जर्मन कीपरमध्ये सगळ्यात मोठा होता. 1934 च्या वर्ल्ड कपमध्ये तिसऱ्या नंबरच्या मॅचला ऑस्ट्रियाविरुद्ध नापोलीत हाच उभा होता, 3-2 जिंकले. 1937 ला ब्रेस्लाउमध्ये डेन्मार्कला 8-0 हरवलं तो गाजलेला संघ, त्यातही हाच.

हाफटाईम_चहा

8-0 च्या मॅचमध्ये कीपरने काय केलं ते पण सांगा मग 😄 झिफ्लिंगने एकट्याने पाच मारले, याकोब बहुतेक थंडी वाजते का बघत असेल. आणि मे 1938 ला बर्लिनमध्ये इंग्लंडने सहा घातले ते याकोबलाच. 6-3. महिन्याभराने वर्ल्ड कपला गेले तेव्हा टीममध्ये होता, पण दोन्ही मॅच व्हिएन्नाचा राफ्टल खेळला.

रेगेन्सबुर्गचा_जावई

राफ्टल खेळला कारण हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर वरून हुकूम होता की संघात व्हिएन्नावाले आणि जुने जर्मन मिसळून खेळवा. त्यात कीपरची लायकी कुठे आली? आणि त्या मिसळीचं काय झालं तेही माहितीये, स्वित्झर्लंडने परत खेळवलेल्या मॅचमध्ये 4-2 हरवून घरी पाठवलं.

शाहू_स्टेडियम_पूर्व

21 विरुद्ध 38 ही तुलनाच चुकीची वाटते मला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी खेळायला कोण तयार होतं? 1920 आणि 24 च्या ऑलिंपिकला बोलावलंच नाही. श्टूलफाउटला मोठी स्पर्धा मिळाली ती एकच, 1928 अ‍ॅमस्टरडॅम. स्वित्झर्लंडला 4-0 आणि मग उरुग्वेकडून 4-1 मार, त्यात आपले काल्ब आणि होफमान दोघं बाहेर काढले रेफरीने. नऊ जणांनी उरुग्वेला अडवायचं म्हणजे कीपरने काय जादू करायची.

दुसरं म्हणजे घरातली भांडणं. न्यूरेंबर्ग आणि शेजारचं फ्युर्थ यांचं वैर असं की आमच्या कोल्हापूरच्या दोन पेठा सभ्य वाटाव्यात. एप्रिल 1924 ला हॉलंडविरुद्ध सगळा संघ या दोनच क्लबचा होता, तर हे लोक अ‍ॅमस्टरडॅमला गेले एकाच ट्रेनने पण वेगवेगळ्या डब्यांतून! (जर्मनीची वाफेवरची पहिली रेल्वे 1835 ला याच दोन गावांमध्ये सुरू झाली होती, घ्या.) 1-0 जिंकले, गोल फ्युर्थच्या आउअरने मारला आणि अभिनंदन करायला फक्त फ्युर्थचेच गेले. अशा टीमच्या मागे उभं राहून बॅकना ओरडून जागेवर लावायचं म्हणजे कसरतच.

क्रेसला_न्याय_द्या

दोघांचंही कौतुक वाचून दमलो. विलिबाल्ड क्रेस विसरलात सगळे. 1934 च्या सेमीफायनलला रोममध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून 3-1 हरलो, खापर कीपरच्या डोक्यावर, आणि कोच नेर्झने त्याला देशासाठी परत कधीच खेळवलं नाही. 16 सामन्यांवर करिअर बंद. समोरच्या गोलमध्ये प्लानिचकासारखा कीपर होता हे कोणी बघितलं नाही, त्यांच्या फॉरवर्डला, नेयेडलीला मोकळा सोडणाऱ्या बॅकना कोणी विचारलं नाही. आणि मग हाच "संपलेला" क्रेस ड्रेसडेनकडून 1940 आणि 41 ला जर्मन कप जिंकतो, 1943 आणि 44 ला चॅम्पियनशिप जिंकतो, दोन्ही फायनल 3-0 आणि 4-0. फायनलमध्ये शून्य गोल हेच माप लावायचं असेल तर धागाकर्त्यांनी क्रेसला पण तोच मान द्यावा, वय पस्तिशीच्या पुढे होतं त्याचं.

तीन_माणसांचा_ऑफसाइड

1944 ची फायनल सैनिकी संघाविरुद्ध होती हो, हाम्बुर्गचा हवाई दलाचा क्लब, आणि निम्मे खेळाडू आघाडीवर. ते वर्ष 1924 शेजारी कसं ठेवायचं?

क्रेसला_न्याय_द्या

सैनिकी संघ म्हणजे दुबळा असं का धरता? त्यांच्याकडे ठिकठिकाणचे चांगले खेळाडू पोस्टिंगवर आलेले असायचे. बदली झाली की क्लबची टीम तयार. उलट त्यांना चार मारून स्वतः शून्य खाणं जास्त अवघड.

डीच्या_बाहेर

क्रेसला नेर्झने वाईट वागवलं हे मान्यच. पण एका मॅचवरून माणूस टाकून देणं वेगळं आणि दहा वर्षं एका देशाने त्याच कीपरकडे परत परत वळणं वेगळं. श्टूलफाउट 1920 ला खेळला आणि 1930 ला पण खेळला, मधे किती कीपर येऊन गेले. माझं मत बदललेलं नाही. क्रेस आणि प्लानिचका यांच्यावर वेगळा धागा काढा, तिथेही येतो भांडायला.