ज्याला ऐकायला आपण मुद्दाम गेलो नसतो

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, तेव्हा मी खासबाग मैदानाच्या बाजूला रस्त्यावर उभी होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर एकमेकांला खेटून बांधलं. १९१५ साली ते पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालं. त्या रात्री माझ्या शेजारी एक वयस्क पैलवान डोळे पुसत होते. म्हणाले, ‘बाई, मी आत कधी गेलोच न्हाई बघा. मैदानात यायचो आन् परत जायचो.’

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शंभर वर्षांहून जास्त काळ शेजार, आणि अलीकडचा माणूस पलीकडं गेला नाही.

म्हणून त्या हिवाळ्यात आम्ही आठ-दहा जणांनी पेठेतल्या एका तालमीच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ ठेवली. बोलणारे, गाणारे, करून दाखवणारे असे नऊ जण. प्रत्येकाला १५ मिनिटं. लागोपाठच्या दोघांचा धंदा एक नसावा, एवढी एकच अट. प्राध्यापकाला १५, गुळव्यालाही १५. या मातीला हे नवीन नाही. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेचे अध्यक्ष होते २८ वर्षांचे आंबेडकर, आणि त्यांना ऐकायला महाराज स्वतः हजर होते.

आता अशा तीन संध्याकाळी झाल्या. तुम्हा सगळ्यांना एवढंच विचारते: ज्याला ऐकायला तुम्ही कधी मुद्दाम गाडी काढून गेला नसता, अशा कुणाला तिथं ऐकलंत? जे बोलले त्यांनीही लिहा. मोठं लिहा, दोन ओळी लिहा, घरात बोलता तसं लिहा.

गुळव्याची मुलगी, करवीर तालुका

बाबांना तुम्ही बोलावलंत तेव्हा आमच्या घरात आधी वादच झाला. बाबा म्हणायचे, ‘मी काय भाषण करणार? मी गूळ करतो.’ आई म्हणाली, मग गूळच सांगा. शेवटी ते भेंडीची जुडी, एक झारा आणि स्टीलचं ताट घेऊन आले. मी पहिल्या रांगेत होते आणि माझे हात गार पडले होते.

त्यांनी सुरुवात चुलवाणापासून केली. जळव्या खाली चिपाडं सारत बसतो, वर काहिलीत रस. भेंडी ठेचून तिचं चिकट पाणी रसात घातलं की मळी फेस होऊन वर येते. ती झाऱ्यानं काढत राहायचं. मळी जेवढी नीट निघेल तेवढा गूळ देखणा. मग पाक. पाक झाला का हे बघायला बाबा थेंबभर पाक थंड पाण्यात टाकतात, त्याची गोळी वळतात आणि काहिलीच्या काठावर मारतात. ‘थप्प’ आवाज आला तर अजून वेळ आहे. ‘टण्ण’ आला की हाक मारायची, काहील उतरवायची आणि वाफ्यात ओतायची. उशीर झाला तर सगळा आधण हातचा गेला. हे सांगताना त्यांनी ताटावर घरून आणलेल्या दोन गोळ्या मारून दोन्ही आवाज ऐकवले. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग त्यांनी विचारलं, ‘पिवळाधमक गूळ कुणाकुणाला लागतो?’ निम्म्याहून जास्त हात वर. बाबा म्हणाले, ‘मग हायड्रोस, ती रंग उजळायची पावडर, पडणारच. उसाचा गूळ मुळात तपकिरी. तुम्ही तपकिरी मागा, पावडर आपोआप बंद होईल.’ हे ते घरात दहा वर्षं बोलतात. बाजारात कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे बाबांना माहीत नव्हतं, मला होतं. पण थप्प आणि टण्ण यांतला फरक मला त्या दिवशी कळला. वीस वर्षं मी त्याच गुऱ्हाळाच्या अंगणात वाढले आहे.

साउंडवाला

दोनच ओळी. डफ आणि तुणतुणं एका माइकवर कधी घेऊ नका. डफ सगळं खाऊन टाकतो. त्या दिवशी शाहीर ताईंनी मला तालमीच्या वेळेलाच सांगितलं, ‘भावा, तुणतुण्याला वेगळा दे, माझा सूर त्याच्यावर उभा आहे.’ पंधरा वर्षं स्पीकर लावतोय, असं समजावून कुणी सांगितलं नव्हतं.

पोवाडा गाणारी

वर ज्यांनी लिहिलंय त्या भावाला आधी नमस्कार. तुमच्यामुळं माझा सूर शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

पोवाडा १५ मिनिटांत बसवणं म्हणजे नऊवारी रुमालात बांधण्यासारखं. आमच्याकडं गण होतो, नमन होतं, झीलकरी तापायलाच दहा मिनिटं लागतात. मी आधी नाहीच म्हणणार होते. पण माझ्या आधी जे भूगोलाचे सर बोलले त्यांनी मला पकडलं. पूररेषांवर बोलत होते. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराची. आणि पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा ५५ च्या वर. मधे फक्त दोन वर्षं. सर म्हणाले, ‘शंभरातून एकदा’ याचा अर्थ शंभर वर्षं निवांत झोपा असा नाही, दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, असा आहे. आमचं घर शिरोळकडचं. दोन्ही वेळेला जनावरं सोडून द्यावी लागली होती. कुणी आम्हांला हे असं कधी सांगितलंच नव्हतं.

मी विंगेत उभ्या उभ्या झीलकऱ्याला म्हटलं, दुसरा चौक बदलतो आपण. आणि स्टेजवर जोडलं:

एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका रं,
आकडा ऐकून निघ गड्या, नको बघू मोका रं, जी जी रं जी!

यमक कच्चं आहे, मला ठाऊक आहे. पण आता गावोगावच्या कार्यक्रमात लोक हाच चौक परत मागतात, आणि पोरं बंधाऱ्यावरचे ३९ नि ४३ फूट पाठ म्हणतात. सरांचा नकाशा माझ्या डफात आला. त्या सरांना ऐकायला मी कधी कॉलेजात गेले नसते.

ऐकू न येणाऱ्या मुलीची आई

माझ्या लेकीसाठी त्या संध्याकाळी एक मॅडम स्टेजच्या कडेला उभ्या राहून खुणांच्या भाषेत सगळं सांगत होत्या. लेक १३ वर्षांची आहे. कार्यक्रमाला न्यायचं म्हणजे तिला कोपऱ्यात बसवून मी ऐकायचं, हे आमचं ठरलेलं. मला त्याची लाज वाटते, पण तसंच चालत होतं.

पोवाडा सुरू झाला तेव्हा मॅडमनी तिला पुढं बोलावलं आणि स्टेजच्या फळीवर तळहात ठेवायला सांगितला. डफ हातातून आत गेला. ती पूर्ण पोवाडा हात न उचलता उभी होती. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मॅडमनी दाखवल्यावर पहिल्या दोन रांगांनी हात वर करून बोटं हलवली. ती तिच्या भाषेतली टाळी. लेकीनं मागं वळून बघितलं तेव्हा सगळीकडं हातच हात.

तिनं घरी येऊन वहीत लिहिलं: ‘आवाज लाकडात असतो.’

नाव न सांगता, शिरोळ तालुका

माझं लिहिणं भाची टाइप करून देतीया.

हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या न्हाईत, कुंकू पुसायचं न्हाई, मंगळसूत्र आन् जोडवी काढायची न्हाईत. शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली त्याच आठवड्यात. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनाबी तसं करा म्हणून पत्रक काढलं. पेपरात आलं, टीव्हीवर आलं.

माझा नवरा त्याच्या आधी गेलेला. माझ्या बांगड्या फोडल्या तवा मी २९ वर्षांची होतो. काच हातात शिरली ती खूण अजून हाय. मला तुम्ही बोलावलं तवा म्हणालात, ठरावावर बोला. मी म्हटलं, ठरावावर वकील बोलतील. मी ठराव झाल्यावर माझ्या गावात काय झालं त्यावर बोलतो.

काय झालं तर, कायबी झालं न्हाई. कागद आला. हळदी-कुंकवाला मला कुणी बोलावलं न्हाई. मग एक दिवस शेजारच्या म्हातारीनं, जिनं माझ्या बांगड्या फोडताना माझा हात धरलावता, तिनं स्वतः कासाराला दारात थांबवलं आन् म्हणाली हिला भर. मी नको म्हटलं. ती म्हणाली, ‘मी धरला तवा तू गप बसलीस, आता मी सांगतो तवाबी गप बस.’ कासारबी घाबरला होता. त्यानं अर्धा डझन भरल्या आन् पैसे घेतले न्हाईत.

एवढंच सांगितलं मी स्टेजवर. सात-आठ मिनिटं झाली असतील, माझं संपलं. बाकीची मिनिटं तशीच राहू दिली तुम्ही, कुणी माइक घेतला न्हाई, कुणी समजावून सांगितलं न्हाई. त्याबद्दल मी आभारी हाय. खाली उतरलो तर एक पोरगी आली, कॉलेजातली, आन् नुसता माझा हात बघत उभी राहिली.

एक तक्रार

दुसऱ्या वेळी मोडी वाचणाऱ्या एका आजोबांना १५ मिनिटं झाल्यावर घंटा वाजवून थांबवलं. ते जुन्या जमाखर्चाचा कागद उलगडून दाखवत होते आणि नेमके मजकुराला आले होते. वेळेचा नियम मला मान्य आहे. पण ऐंशी वर्षांच्या माणसाला कागद पुन्हा गुंडाळायलाच दोन मिनिटं लागतात. माझं मन त्या संध्याकाळी तिथंच अडकलं, पुढचं काही ऐकू आलं नाही.

(बोलावणारी: बरोबर आहे. ती घंटा मीच वाजवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन उरलेला कागद ऐकून आले, पण हॉलमधल्या लोकांचा तो राहूनच गेला. तिसऱ्या वेळी घंटा काढली, आता पुढच्या रांगेतून एक मुलगी हातात फूल धरून उभी राहते.)

चपलेची वेणी घालणारी, अथणीकडची

माझं मराठी कानडी मिसळून आहे, सांभाळून घ्या. मला वाटलं होतं कोल्हापूरचे लोक म्हणणार, तुम्ही कर्नाटकातले, कोल्हापुरीवर तुम्ही काय बोलता? पण २०१९ ला मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना. चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले, आमचा बेळगाव त्यात आहे. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरतं, त्याला सीमा कळत नाही.

जून २०२५ ला मिलानच्या फॅशन शोमध्ये आमच्यासारखीच चप्पल दिसली आणि सगळीकडं कोल्हापुरीचं नाव झालं. तेव्हा पत्रकार आमच्याकडं आले, पण बोलले पुरुषांशी. वेणी बायका घालतात. मी स्टेजवर एक वेणी घालून दाखवली, बोलत बोलत. त्यानंतर एक बाई म्हणाल्या, मी पन्नास वर्षं घालते ही चप्पल, वरचं हे हातानं होतं हे बघितलंच नाही. माझ्यानंतर एक मुलगी मर्दानी खेळाचा दांडपट्टा फिरवणार होती. तिच्या पायात माझ्याच हातची वेणी होती की काय, मी सारखी बघत होते.

तोच पैलवान (नातू लिहितोय)

आज्जा म्हणतो, लिही: मी आत गेलो एकदाचा. थिएटरात नाही, तालमीतच, पण गाणं ऐकलं. अल्लादियाखाँसाहेब महाराजांच्या दरबारी गवई होते, त्यांच्या घराण्याचं गाणारी पोरगी होती. राग कळला नाही. पण तान एवढी लांब, आणि मधे श्वास कुठं घेतला ते दिसलंच नाही. दम आहे पोरीला. हजार बैठका मारल्याशिवाय असा दम येत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, पहाटे चारला उठते. आम्हीपण चारलाच उठायचो.

रसायनशास्त्र शिकवणारा, त्या दिवशी श्रोता

गुळव्यांना कार्यक्रमानंतर गाठणारा मीच. पुस्तकात गुळाचा पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला तयार होतो असं लिहिलेलं असतं, मी ते वर्षानुवर्षं शिकवत आलो. गुऱ्हाळ मी रस प्यायला सोडून कधी बघितलं नव्हतं. सुट्टीत बारा विद्यार्थी घेऊन त्यांच्याकडं गेलो, बरोबर लांब दांड्याचा थर्मामीटर. त्यांनी आधी आम्हांला चुलवाणापासून लांब उभं केलं, मग एकेकाला जवळ घेतलं.

थर्मामीटर ११४ दाखवत असताना त्यांनी गोळी मारली, थप्प. पोरं माझ्याकडं बघत होती. ११६ ला पुन्हा थप्प, पण जरा कोरडा. मग ते काहीच न बघता, फक्त बुडबुड्यांचा आवाज ऐकत उभे राहिले, हात पाण्यात घातला, गोळी वळली, मारली. टण्ण. त्यांनी हाक दिली आणि माणसं धावली. मी थर्मामीटर वर काढेपर्यंत काहील हलली होती. काटा ११८ च्या किंचित पुढं होता.

वाफ्यात ओतून झाल्यावर ते हात पुसत आले, थर्मामीटर हातात घेतला, उलटसुलट बघितला.

‘सर, माझी पोरगी रात्रपाळीला एकटी उभी राहायची म्हणते,’ ते म्हणाले. ‘हे कुठं मिळतं?’