शब्दचर्चा : 'यशस्वी' संघ म्हणजे अजिंक्यपद मिळवलेला संघच का?

पाटीपेन्सिल

आमच्या हॉकी क्लबची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघते आहे. मुखपृष्ठासाठी मी 'यशस्वी वाटचालीची पन्नास वर्षे' अशी ओळ दिली. खजिनदारांनी ती लाल शाईने खोडली आणि शेजारी लिहिलं, "एकदाही अजिंक्यपद नाही. यशस्वी कसले?"

ढाल आमच्याकडे नाही, हे खरंच आहे. उपांत्य फेरीपर्यंत जायचं आणि तिथे कच खायची, ही आमची जुनी खोड. पण पोरं घडली, काही राज्याकडून खेळली, मैदान बिल्डरच्या घशात गेलं नाही. क्लबचं काय ते आम्ही बैठकीत भांडून ठरवू. इथे मला शब्दापुरतं विचारायचं आहे. अजिंक्यपद न मिळवलेल्या हॉकी संघाला मराठीत 'यशस्वी' म्हणता येतं का? की तो शब्द विजेत्यांच्याच नावावर लिहून दिलेला आहे?

कानामात्रा

येतं. खजिनदारांनी 'विजयी' आणि 'यशस्वी' यांची गल्लत केली आहे.

संस्कृतात 'यशस्' म्हणजे कीर्ती, नावलौकिक. अमरकोशात यश, कीर्ती आणि समज्ञा हे शब्द शेजारी शेजारी येतात. जिंकण्याशी संबंध 'जय'चा. म्हणून तर 'विजयी भव' आणि 'यशस्वी भव' असे दोन वेगळे आशीर्वाद आहेत. अर्थ एकच असता तर एकावरच भागलं असतं.

मराठीत आल्यावर 'यश'चा अर्थ सरकला. कीर्ती थोडी मागे पडली आणि 'हाती घेतलेलं तडीला जाणं' हा अर्थ पुढे आला. शस्त्रक्रिया यशस्वी होते, बोलणी यशस्वी होतात, संप यशस्वी होतो. यात हरलं कोण? इतिहासाच्या पुस्तकांत तर 'यशस्वी माघार'सुद्धा असते. जिथे लढाई जिंकलेलीच नाही, किंबहुना पाठ फिरवली आहे, तिथेही हा शब्द बिनतक्रार चालतो.

राइट-इन

कानामात्रा, व्युत्पत्तीने सामने जिंकता येत नाहीत. :) मैदानावर शब्द कसा वापरतात ते बघा.

भारत हा ऑलिंपिकच्या पुरुष हॉकीतला सर्वांत यशस्वी देश, हे वाक्य शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. ते कशावरून? आठ सुवर्णांवरून : १९२८, ३२, ३६, ४८, ५२, ५६, ६४ आणि ८०. ड्रिबलिंग सुंदर होतं म्हणून कोणी 'सर्वांत यशस्वी' म्हणत नाही. 'सर्वांत' लागलं की सुवर्णपदकंच मोजली जातात, दुसरं काही मोजायला कोणी बसत नाही.

आणि १९६०चं काय? रोमला अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून ०-१ हार. सलग सहा सुवर्णांनंतरचं पहिलं रौप्य. ते आपल्याकडे यश म्हणून कोणी सांगितलंय का? १९६८ला मेक्सिकोत पश्चिम जर्मनीला २-१ हरवून कांस्य आणलं, तर अंतिम फेरीही गाठता आली नाही म्हणून बोलणीच बसली. मी ज्यांच्या हाताखाली खेळलो ते गुरुजी १९६८चा विषय निघाला की पान थुंकायला उठायचे.

शब्द इतका स्वस्त केला तर उद्या प्रत्येक जण यशस्वी. मग 'यशस्वी'ला अर्थ काय उरला?

वैदर्भी

राइट-इन, तुमचीच उदाहरणं तुमच्या विरुद्ध जातात की हो.

१९६८ला कांस्य हे अपयश होतं. २०२१ला टोकियोत मनप्रीत सिंगच्या संघाने तेच कांस्य आणलं, तेव्हा देशभर पेढे वाटले. १-३ पिछाडीवरून जर्मनीला ५-४ हरवलं, शेवटच्या सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर गोलरक्षक श्रीजेशने अडवला आणि मग तो गोलपोस्टवर चढून बसला. याच संघाने साखळीत ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा मार खाल्ला होता आणि उपांत्य फेरीत बेल्जियमकडून २-५. तरी कोणी 'अपयशी' म्हटलं नाही, कारण मधे ४१ वर्षं ऑलिंपिकचं एकही पदक नव्हतं. २००८ला बीजिंगची पात्रतासुद्धा मिळाली नव्हती आणि २०१२ला लंडनमध्ये आपण बारापैकी बारावे होतो.

पदक तेच, धातू तोच. शब्द मात्र उलटा झाला. म्हणजे 'यशस्वी' हे पदकाचं विशेषण नाहीच. आधी कुठे होतात, कशासाठी निघाला होतात, त्यावर ते ठरतं.

महिला संघाचं तर आणखी बघण्यासारखं आहे. आपल्या मुली ऑलिंपिकमध्ये दोनदा चौथ्या आल्या. १९८०ला मॉस्कोत आणि २०२१ला टोकियोत. १९८०ला संघ होते सहा. बहिष्कारामुळे भले भले आलेच नव्हते, झिंबाब्वेला ऐनवेळी बोलावलं आणि सुवर्ण त्यांनीच नेलं! आपण ऑस्ट्रिया आणि पोलंडला हरवलं, झिंबाब्वेशी बरोबरी केली, दोन सामने हरलो. सहांत चौथे. ते आज कोणाला आठवतही नाही.

टोकियोचा चौथा क्रमांक मात्र लोक पाठ म्हणून सांगतात. त्याआधी रिओत त्या बारापैकी बाराव्या होत्या. टोकियोत पहिले तीनही सामने हरल्या : नेदरलँड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२, ब्रिटनकडून १-४. मग आयर्लंडवर १-० आणि दक्षिण आफ्रिकेवर ४-३. त्या सामन्यात वंदना कटारियाने तीन गोल केले, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. तरीही ब्रिटनने आयर्लंडला हरवलं तेव्हाच पुढची वाट मोकळी झाली. उपांत्यपूर्व फेरीत समोर ऑस्ट्रेलिया, तीन वेळचे ऑलिंपिक विजेते, साखळीत एकही सामना न हरलेले. गुरजीत कौरचा बाविसाव्या मिनिटाचा एक गोल आणि पुढे सगळा वेळ सविता पुनिया गोलात उभी. १-०.

याला यश म्हणायचं नाही तर मराठीत दुसरा कोणता शब्द आहे, तो राइट-इन यांनी सांगावा.

राइट-इन

'कामगिरी'. 'उल्लेखनीय कामगिरी', 'संस्मरणीय कामगिरी'. शब्द आहेत. कांस्याच्या सामन्यात ०-२ वरून ३-२ आघाडी घेतली आणि ३-४ हरलो. हरल्यावर त्या मुली मैदानावरच रडत बसल्या होत्या. त्यांना कोणी 'तुम्ही यशस्वी झालात' म्हटलं असतं तर पटलं असतं का?

खडकी बाजार

त्या क्षणी नसतं पटलं. पण शब्द त्या पाच मिनिटांसाठी नसतो ना भाऊ.

आमच्या भागातलंच उदाहरण देतो. धनराज पिल्ले. वडील इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ग्राउंड्समन, भावांबरोबर मोडक्या स्टिक्स घेऊन कॉलनीच्या मैदानात शिकला. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप खेळला. दोन्हीकडचं मिळून एकही पदक नाही. सिडनीत पोलंडशी जिंकत आलेला सामना शेवटच्या मिनिटांत १-१ झाला आणि उपांत्य फेरी गेली. आमच्या इथे जुनी माणसं त्या गोलचं नाव काढलं तरी अजून शिव्या देतात, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आता खडकीत कोणालाही विचारा, धनराज यशस्वी की अयशस्वी? विचारणाऱ्यालाच वेड्यात काढतील. बँकॉकला १९९८ला एशियाडचं सुवर्ण त्याच्या कप्तानीत आलं हे आहेच, पण लोक ते मोजून सांगत नाहीत. त्याच्या स्टिकवर चेंडू आला की मैदान उभं राहायचं, ते सांगतात. कानामात्रा म्हणतात ती 'कीर्ती' बहुतेक हीच.

कानामात्रा

अगदी हीच. जुना अर्थ मेलेला नाही, बोलण्यात जिवंत आहे. 'डॉक्टरांच्या हाताला यश आहे' म्हणतो तेव्हा त्यांनी कोणती स्पर्धा जिंकलेली नसते.

राइट-इन यांचा मुद्दा मात्र मी झटकणार नाही. 'सर्वांत यशस्वी' म्हटलं की विजेतेपदंच मोजतात, हे शंभर टक्के मान्य. तुलना आली की माप लागतं आणि सगळ्यांना मान्य असलेलं माप म्हणजे ढाल. नुसत्या 'यशस्वी'ला ती सक्ती नाही.

एक व्याकरणाचं निरीक्षण. 'यश' हा शब्द मराठीत सहसा एकटा राहत नाही, त्याला सप्तमी लागते. परीक्षेत यश, धंद्यात यश, पात्रता फेरीत यश. 'कशात?' हा प्रश्न तो सोबत घेऊनच येतो. 'यशस्वी संघ' असं म्हटलं की ती सप्तमी गळून पडते आणि प्रत्येक जण आपापली भरतो. खजिनदारांनी 'स्पर्धेत' भरली, पाटीपेन्सिल यांनी 'पोरं घडवण्यात' भरली. भांडण तिथलं आहे.

पाटीपेन्सिल

हे पटलं. मग 'सफल' चालेल का? 'सफल वाटचाल'?

वैदर्भी

वाटचालीला चालेल, संघाला नको. मराठीत प्रयत्न सफल होतात, मनोरथ सफल होतात, जन्म सफल होतो. माणसाला किंवा संघाला 'सफल' म्हणणं ही हिंदीची सावली. आमच्याकडे नागपुरात सर्रास ऐकू येतं, मीही बोलते, पण छापताना टाळते.

उलट बाजूलाही असाच भेद आहे. प्रयत्न 'अयशस्वी' होतो, माणूस 'अपयशी' ठरतो. 'अपयशी' जास्त झोंबतं, त्यात थोडी अपकीर्ती मिसळलेली आहे. नुसत्या हरलेल्या संघाला 'अपयशी' म्हणू नये, असं माझं मत.

खडकी बाजार

आणि हे 'अजिंक्यपद' तरी काय प्रकरण आहे? अजिंक्य म्हणजे ज्याला जिंकता येत नाही तो. १९७५ला क्वालालंपूरला आपण वर्ल्ड कप जिंकला, अंतिम सामन्यात पाकिस्तानवर २-१. पण त्याच स्पर्धेत साखळीत अर्जेंटिनाने आपल्याला २-१ हरवलं होतं. म्हणजे हरूनही अजिंक्य?

कानामात्रा

:) शब्दशः धरलं तर हो. शब्दही गमतीचा आहे. संस्कृत वळणाने 'अजेय' किंवा 'अजय्य' झालं असतं; आपण मराठी 'जिंकणे'लाच संस्कृत प्रत्यय लावून 'अजिंक्य' केला. साताऱ्याच्या किल्ल्याचं घ्या. १७००मध्ये औरंगजेबाने तो घेतला, तो परत मिळाल्यावर त्याला 'अजिंक्यतारा' हे नाव पडलं असं सांगतात. खेळाच्या पानावर 'अजिंक्यपद' आता फक्त पहिल्या क्रमांकाचं नाव आहे, मधल्या पराभवांशी त्याला देणंघेणं नाही. ज्यांना हे खटकतं ते 'विजेतेपद' लिहितात. मीही तेच लिहितो.

राइट-इन

क्रियापदांकडेही बघा मग. बातम्यांत रौप्यावर नेहमी 'समाधान मानावे लागले', कांस्याची मात्र 'कमाई'. लोक हसतात याला, पण हॉकीपुरतं ते चूक नाही. रौप्य हरून मिळतं, कांस्य शेवटचा सामना जिंकून. खेळाडूच्या तोंडावर तसंच दिसतं. 'उपविजेतेपद पटकावले' लिहिणाऱ्याने कधी अंतिम सामना हरलेला नसतो.

वैदर्भी

हे मात्र झकास. पण मग २०२१च्या मुलींसाठी बातमीदाराला क्रियापदच सापडलं नव्हतं. 'पदक हुकले' पुरतं खरं नाही, 'समाधान मानावे लागले' तर मुळीच नाही.

पाटीपेन्सिल

शेवटची शंका. तोच महिला संघ जानेवारी २०२४मध्ये रांचीत जपानकडून ०-१ हरला आणि पॅरिसची पात्रता गेली. मग टोकियोचं यश मागे घ्यायचं का?

कानामात्रा

'यश मिळालं' ही घडून गेलेली गोष्ट आहे, ती कोणी मागे घेऊ शकत नाही. 'यशस्वी संघ' हे चालू स्थितीचं वर्णन, ते टिकवावं लागतं. म्हणून मी 'टोकियोत यशस्वी ठरलेला संघ' असं लिहीन. ठिकाण सांगितलं की रांचीचा पराभव आड येत नाही.

राइट-इन

'ठरलेला' चालेल मला. 'सर्वांत' लावलंत तर परत भांडायला येईन.