जर्मनीत मास्टर्स झालं, ऐंशी अर्ज टाकले, इंटरव्ह्यूच येत नाहीये

नवा_प्रवासी:
नमस्कार मंडळी. श्टुटगार्टजवळ मेकॅनिकलमध्ये मास्टर्स झालं, आता नोकरी शोधायच्या परमिटवर आहे, १८ महिन्यांतले ५ गेले. ऐंशीच्या वर अर्ज टाकले, सगळे एकाच सीव्हीवर. फक्त दोन फोन आले आणि दोन्हीकडे जर्मनवर गाडी अडली (माझी भाषेची पातळी बी१, म्हणजे मध्यम आहे). सीव्हीवर फोटो लावायचा का? आणि परदेशी म्हणून बाजूला काढतात का, खरं सांगा. रात्री झोप लागत नाही.

राईनकाठ:
आधी धीर धर, ५ महिने म्हणजे फार नाही. काढतात का, तर हो, काही ठिकाणी काढतात, त्यावर आपला इलाज नाही. पण बऱ्याचदा एचआरला नुसती कागदपत्रांची धास्ती असते, त्यांना वाटतं या माणसाला घ्यायचं म्हणजे परवानगीच्या मागे महिनोन्महिने धावायचं. इथल्या युनिव्हर्सिटीतून पास झालेल्याला या परमिटवर कुठलीही नोकरी लगेच करता येते हे छोट्या कंपन्यांना माहीतच नसतं! म्हणून सीव्हीत स्पष्ट लिही, परमिट अमुक तारखेपर्यंत, काम करायची पूर्ण मुभा. आणि डिग्री मिळून ३ वर्षं झाली नसतील तर ब्लू कार्डसाठी (उच्चशिक्षित परदेशी लोकांचं कामाचं परमिट) पगाराची अट कमी असते, तेही इंटरव्ह्यूत तूच सांग.

फोटो मागायचा हक्क कंपनीला नाही, तरी बरेच जण लावतात. चांगला असेल तर लाव, नाहीतर सोड.

बर्फातली_चिमणी:
वेर्कश्टुडेंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ, काम केलं होतंस का? मग तिथून त्सॉयग्निस (कंपनीने लिहून दिलेलं कामाचं प्रशस्तिपत्र) मागून घे, तो तुझा कायदेशीर हक्क आहे, आणि अर्जाला जोड. पण आलं की नीट वाच, त्यातली भाषा म्हणजे सांकेतिक मार्क असतात. "श्टेट्स त्सू उन्झरर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट" (नेहमीच आमचं अगदी पूर्ण समाधान होईल असं काम) असेल तर एक नंबर, म्हणजे सगळ्यात वरचा, "फोल्स्टन"च्या जागी "फोलन" आलं की दोन नंबर आणि सुरुवातीचा "श्टेट्स" पण गेला की तीन. माझ्या पहिल्या कंपनीने मला तीनवालं दिलं होतं, वाचायला इतकं गोड की मी वर्षभर तेच जोडत होते, शेवटी एका जर्मन मैत्रिणीने दाखवलं तेव्हा रडू आलं. मॅनेजरशी बोलले, त्यांनी बदलून दिलं. तेव्हा पटलं नाही तर दुरुस्ती मागायला अजिबात लाजू नकोस.

मेकॅनिकल_गडी:
जर्मन बी२ करच, मेकॅनिकलमध्ये त्याशिवाय खरंच अवघड आहे, डिझाइनवाला वर्कशॉपमधल्या माणसाशी इंग्रजीत किती बोलणार. आणि ऐंशी ठिकाणी एकच सीव्ही नको रे, आठवड्याला पाचच टाक पण जाहिरात वाचून, त्यांनी क्रेओ (डिझाइनचं सॉफ्टवेअर) म्हटलं असेल आणि तुला येत असेल तर ते पहिल्या अर्ध्या पानात दिसलं पाहिजे. जाहिरातीखाली कोणाचा नंबर असतो ना, अर्ज टाकायच्या आधी त्यांना फोन करून एक नेमका प्रश्न विचार, मोडक्या जर्मनमध्ये का होईना. मला नोकरी अशाच फोनवरून लागली, गाव छोटं होतं, मोठ्या नावांच्या मागे सगळेच असतात.

नवा_प्रवासी:
सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्या मॅनेजरला त्सॉयग्निससाठी आत्ताच मेल टाकला. परमिटची ओळ कुठे लिहू, शेवटी की वर?

राईनकाठ:
वरच, नाव-पत्त्याच्या खाली. शेवटपर्यंत कोणी वाचेल याची खात्री नाही.